कानाची चाचणी ‘नॉर्मल’ आली, म्हणजे नेमकं काय?

मोठ्या आवाजात काम करणाऱ्यांना ठरावीक काळाने कानाच्या चाचणीला बोलावतात. हेडफोन लावून एका बंद केबिनमध्ये बसायचं, बारीक ‘टूं’ ऐकू आलं की बटण दाबायचं, पंधरा-वीस मिनिटांत मोकळं व्हायचं. काही दिवसांनी एक कागद हातात येतो. त्यावर लाल गोल, निळ्या फुल्या, त्यांना जोडणाऱ्या वेड्यावाकड्या रेघा आणि खाली एक शिक्का: ‘नॉर्मल’. शिक्का बघून माणूस निश्चिंत होतो आणि कागद फाइलमध्ये जातो.

माझ्या मते त्या कागदावरचा सगळ्यांत कमी उपयोगाचा भाग म्हणजे तो शिक्का. कान दरवर्षी थोडाथोडा बिघडत असतानाही तो बरीच वर्षं ‘नॉर्मल’च राहू शकतो. हे कसं होतं, हे कळायला आधी आवाजाचं मोजमाप आणि कानाची रचना थोडी समजून घ्यावी लागेल.

## किती आवाज म्हणजे जास्त आवाज?

आवाज डेसिबलमध्ये मोजतात, पण हे माप किलो किंवा मीटरसारखं सरळ वाढत नाही. ३ डेसिबल वाढले की कानावर आदळणारी ऊर्जा दुप्पट होते आणि १० वाढले की दहापट. त्यामुळे ‘८५ काय नि ८८ काय, तीनचाच तर फरक’ हे म्हणणं साफ चुकीचं आहे. ८८ म्हणजे ८५ च्या दुप्पट मारा. कानाला मात्र ही दुप्पट जाणवत नाही, थोडासा वाढल्यासारखा वाटतो इतकंच. फसगत होते ती इथेच.

कानाचं नुकसान दोन गोष्टींवर ठरतं: आवाज किती मोठा आणि तो किती वेळ कानावर पडला. अमेरिकेतली ‘नायॉश’ ही कामगार आरोग्यावर संशोधन करणारी सरकारी संस्था ८५ डेसिबलसाठी दिवसाला आठ तासांची मर्यादा सुचवते. तिथून दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होत जातो. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक आणि १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं. ग्राइंडर, प्रेस, कॉम्प्रेस्ड हवेचा झोत किंवा जेट इंजिन यांच्याजवळ उभं राहणाऱ्याचा दिवसभराचा ‘कोटा’ कधी कधी पाळीच्या पहिल्या तासातच संपलेला असतो.

हे आकडे विशिष्ट पद्धतीने मोजलेले असतात. माणसाचा कान खर्जाच्या आवाजाला कमी दाद देतो, म्हणून मीटरही त्याला तेवढंच कमी महत्त्व देतो. या मापाला ‘डेसिबल ए’ म्हणतात. पुढे जिथे नुसतं डेसिबल आहे, तिथे कामाच्या जागेच्या आवाजापुरतं हेच माप धरा.

मीटर हाताशी नसेल तर एक ढोबळ खूण आहे. हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलताना आवाज चढवावा लागत असेल, तर तिथला आवाज ८५ च्या आसपास किंवा त्याहून जास्त आहे असं समजायला हरकत नाही.

## कानाच्या आत काय बिघडतं?

आवाजाच्या लहरी पडद्यावर येतात, तीन चिमुकल्या हाडांमधून पुढे सरकतात आणि गोगलगाईच्या शंखासारख्या वेटोळ्या, द्रवाने भरलेल्या अवयवात पोहोचतात. याला कॉक्लिया म्हणतात. तिच्यात केशपेशी असतात, एका कानात साधारण पंधरा-सोळा हजार. लहरींनी या पेशींच्या टोकावरचे सूक्ष्म तंतू हलतात, त्यातून विजेचा संदेश तयार होतो आणि तो मज्जातंतूवाटे मेंदूकडे जातो. आपण ‘ऐकतो’ ते तेव्हा.

सोळा हजार हा आकडा मोठा वाटतो. डोळ्याच्या पडद्यावर प्रकाश टिपणाऱ्या पेशी कोट्यवधी असतात हे लक्षात घेतलं की कानाचं भांडवल किती तुटपुंजं आहे ते कळतं. शिवाय माणसात केशपेशी पुन्हा उगवत नाहीत. पक्ष्यांमध्ये उगवतात, आपल्यात नाही. आजवर कोणतंही औषध किंवा शस्त्रक्रिया मेलेली केशपेशी परत आणू शकलेली नाही.

मोठ्या आवाजाने या पेशी आधी थकतात आणि मग मरतात. थकवा तात्पुरता असतो. पाळी संपल्यावर कान दडे बसल्यासारखे वाटतात, आत बारीक शिट्टी वाजत राहते आणि सकाळपर्यंत सगळं ठीक होतं. लोकांना वाटतं, भरून निघालं. पण हाच थकवा रोज आला, की काही पेशी उठत नाहीत. यात दुखत नाही, रक्त येत नाही, सूज दिसत नाही. एखादा अपघात झाला तर तारीख सांगता येते. कान कुठल्या दिवशी गेला हे सांगता येत नाही.

## हेडफोन लावून मोजतात ते काय?

या चाचणीला ऑडिओमेट्री म्हणतात आणि तिच्यातून निघणाऱ्या आलेखाला ऑडिओग्राम. वेगवेगळ्या पट्टीतला सर्वांत बारीक आवाज तुम्हाला कुठवर ऐकू येतो, एवढंच ती शोधते. पट्टी मोजायचं एकक हर्ट्झ. नोकरीच्या चाचणीत साधारणपणे ५००, १०००, २०००, ३०००, ४००० आणि ६००० हर्ट्झ या पट्ट्या तपासतात आणि बऱ्याच ठिकाणी ८००० सुद्धा. ५०० म्हणजे जाडसर, घुमणारा सूर, तर ६००० म्हणजे अगदी बारीक शिट्टी.

तपासणारा आवाज १० डेसिबलने कमी करत जातो. ऐकू येईनासा झाला की ५-५ ने वाढवतो आणि निम्म्या वेळा तरी बटण दाबलं जाईल अशी सर्वांत खालची पातळी नोंदवतो. तोच तुमचा त्या पट्टीचा आकडा. उजवा कान लाल गोलाने आणि डावा निळ्या फुलीने दाखवायची पद्धत आहे. आलेखात आकडे वरून खाली वाढत जातात, म्हणून रेघ जितकी वर तितका कान चांगला. इथला शून्य म्हणजे शांतता नव्हे. निरोगी तरुणांना सरासरी जिथे ऐकू येऊ लागतं ती पातळी. (त्यामुळे कामाच्या जागेचे ८५ डेसिबल आणि ऑडिओग्रामवरचे २५ डेसिबल यांची तुलना करू नका, दोन्हींचे शून्य वेगळे.)

मोजण्याची कल्पना जुनी आहे. १८८६ मध्ये ग्लासगोतले कानाचे डॉक्टर थॉमस बार यांनी खिशातल्या घड्याळाची टिकटिक किती अंतरावरून ऐकू येते हे बघून बॉयलर बनवणाऱ्या कामगारांचे कान तपासले. नुसते तेवढेच तपासून ते थांबले नाहीत. सोबत पत्रं वाटणाऱ्या पोस्टमनांचेही तपासले. बॉयलरवाल्यांचे कान पोस्टमनांपेक्षा कितीतरी वाईट निघाले. आकडा एकट्याने काही बोलत नाही, तो कशाशी ताडायचा हे आधी ठरवावं लागतं, हे त्यांना तेव्हाच उमगलं होतं.

## ४००० हर्ट्झचा खड्डा

आवाजाने बिघडलेल्या कानाचा आलेख बहुधा एका ठरावीक आकाराचा असतो. ५०० ते २००० हर्ट्झपर्यंत रेघ सरळ जाते, ३००० ते ६००० च्या दरम्यान, बहुतेकदा ४००० ला, खाली कोसळते आणि ८००० ला पुन्हा थोडी वर येते. तज्ज्ञ याला ‘नॉच’ म्हणतात, आपण खड्डा म्हणू.

आवाज सगळ्या पट्ट्यांचा असताना खड्डा तिथेच का पडतो? कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते आणि तिच्या लांबीमुळे ३००० हर्ट्झच्या आसपासचे सूर तिच्यात जास्त घुमतात. कॉक्लियातलं नुकसान मात्र मारा करणाऱ्या सुराच्या किंचित वरच्या पट्टीत होतं. त्यामुळे पहिला घाव ४००० च्या आसपासच्या पेशींवर बसतो. वयानुसार येणाऱ्या बहिरेपणात रेघ साधारणपणे उताराने खाली जाते आणि ८००० ला वर येत नाही. म्हणून आलेखाच्या आकारावरून अनुभवी डोळा पुष्कळ ओळखतो.

या खड्ड्याचा रोजच्या बोलण्याशी थेट संबंध आहे. मराठीतले स्वर, म्हणजे आ, ओ, ऊ, खालच्या पट्टीत आणि जोरकस असतात. स, श, त, क, फ ही व्यंजनं वरच्या पट्टीत आणि फार क्षीण असतात. खड्डा रुंदावत गेला की आवाज ऐकू येतो, शब्द कळत नाही. ‘ताट’ की ‘पाट’, ‘सात’ की ‘आठ’, गोंधळ होतो. शांत खोलीत समोरासमोर काम भागतं, पण चारजण एकदम बोलू लागले की धागा सुटतो. असा माणूस ‘मला कमी ऐकू येतं’ असं म्हणत नाही. तो म्हणतो, ‘हल्ली सगळे तोंडातल्या तोंडात पुटपुटतात.’ अंदाज बांधून उत्तर देतो, चुकलं की हसं होतं, म्हणून हळूहळू बोलण्यातूनच अंग काढून घेतो. घरच्यांना वाटतं स्वभाव बदलला.

आता शिक्क्याकडे परत येऊ. ‘नॉर्मल’ ठरवताना अनेकदा ५००, १००० आणि २००० हर्ट्झ या तीन पट्ट्यांची सरासरी घेतात, कारण बोलण्याचा बराचसा भाग तिथे असतो. ती सरासरी २५ डेसिबलच्या आत असली की नॉर्मल. म्हणजे ज्या भागात आवाज पहिला घाव घालतो, तो भाग या हिशोबात धरलेलाच नाही! एखाद्याचा ४००० चा आकडा ४५ पर्यंत घसरलेला असला तरी त्याच्या कागदावर ‘नॉर्मल’ छापून येऊ शकतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या अहवालात सामान्य ऐकण्याची सीमा २५ वरून २० डेसिबलपर्यंत कडक केली. ते बरंच झालं, पण सरासरीची ही अडचण त्याने सुटत नाही.

## पहिला कागद सर्वांत मोलाचा का?

इमारतीच्या भिंतीला भेग पडली की जाणता इंजिनिअर लगेच ‘धोका’ किंवा ‘ठीक’ म्हणत नाही. भेगेच्या टोकाशी पेन्सिलने रेघ मारतो आणि शेजारी तारीख लिहितो. सहा महिन्यांनी भेग त्या रेघेपलीकडे गेली का, हे बघतो. ऑडिओग्राम वाचायचा तो असाच. आजची रेघ चांगली की वाईट यापेक्षा ती पहिल्या रेघेपासून किती सरकली हे महत्त्वाचं.

म्हणून मोठ्या आवाजाच्या कामावर रुजू होण्याआधी किंवा लगेचच पहिली चाचणी करतात. तिला ‘बेसलाइन’ म्हणतात. पुढची प्रत्येक चाचणी तिच्याशी ताडायची. इथे दोन चुका नेहमी होतात आणि दोन्ही कामगाराच्या मुळावर येतात.

पहिली चूक म्हणजे पाळीतून उठवून थेट बेसलाइनला बसवणं. तेव्हा कान थकलेले असतात, आकडे खरे असतात त्यापेक्षा वाईट येतात आणि तेच ‘मूळ’ म्हणून नोंदवले जातात. पुढे खरोखर नुकसान झालं तरी तुलनेत ते दिसत नाही, कारण सुरुवातच खाली धरलेली. अमेरिकेच्या नियमात बेसलाइनआधी किमान चौदा तास कामाच्या ठिकाणच्या आवाजापासून दूर राहण्याची अट आहे ती याचसाठी. पुढच्या वार्षिक चाचण्या मात्र पाळी चालू असताना किंवा संपताना घ्याव्यात, असं नायॉशने सुचवलं आहे. तेव्हा थकवा दिसला तर इअरप्लग नीट काम करत नाहीत हे पेशी मरण्याआधीच कळतं. मला ही सूचना फार शहाणपणाची वाटते. प्रत्यक्षात ती पाळली जाताना कमी दिसते.

दुसरी चूक जास्त बेमालूम आहे: बेसलाइन बाजूला ठेवून फक्त मागच्या वर्षाशी तुलना करणं. या चाचणीत ५ डेसिबलचा मागेपुढे फरक कुणाचाही पडतो. झोप कमी झालेली असते, लक्ष नसतं, हेडफोन जरा सरकलेला असतो. म्हणून ५ चा फरक दिसला की तपासणारा ‘काही बदल नाही’ लिहितो आणि ते चुकीचंही नसतं. पण दरवर्षी ५ ने घसरणारा कान मागच्या वर्षाशी ताडला तर चारही वर्षं ‘काही बदल नाही’ असंच येतं आणि घसरण झालेली असते २० डेसिबलची.

## किती सरकलं की दखल घ्यायची?

यासाठी अमेरिकेच्या ‘ओशा’ या कामगार सुरक्षा यंत्रणेचा निकष बहुतेकांना परिचित आहे. २०००, ३००० आणि ४००० हर्ट्झ या तीन पट्ट्यांची सरासरी बेसलाइनपेक्षा १० डेसिबल किंवा जास्त घसरली, कुठल्याही एका कानात, की दखल घ्यायची.

उदाहरण करून बघू. रुजू होताना एकाचे आकडे ०, ५ आणि ५ होते. सरासरी सुमारे ३. पाच वर्षांनी ते ५, १५ आणि २५ झाले. सरासरी १५. घसरण जवळपास १२ डेसिबलची, म्हणजे निकष ओलांडला. आणि तरीही एकही आकडा २५ च्या पुढे नाही, त्यामुळे शिक्का ‘नॉर्मल’च. एकच कान, एकच कागद, दोन उलटे निष्कर्ष. पुढे काय करायचं हे ठरवायला यातला दुसरा उपयोगाचा नाही.

घसरण दिसली तर तीस दिवसांत फेरचाचणी घेण्याची मुभा मालकाला असते, कारण सर्दीने कान बंद झालेला असू शकतो किंवा नळीत मळ साठलेला असू शकतो. घसरण पक्की असेल तर कामगाराला एकवीस दिवसांत लेखी कळवावं लागतं, इअरप्लग किंवा इअरमफ पुन्हा बसवून बघावे लागतात, गरज असेल तर जास्त चांगले द्यावे लागतात. या चाचणीचा खर्च कामगाराकडून घेता येत नाही.

देशागणिक नियम वेगळे आहेत. युरोपीय संघाच्या २००३ च्या निर्देशात ८० डेसिबलपासून मालकाच्या जबाबदाऱ्या सुरू होतात, ८५ ला त्या वाढतात आणि इअरप्लग धरून कानापर्यंत पोहोचणारा आवाज ८७ च्या पुढे जाऊ द्यायचा नसतो. ब्रिटनमध्ये पहिली दोन वर्षं दरवर्षी आणि नंतर सगळं ठीक असेल तर तीन वर्षांतून एकदा चाचणी, अशी शिफारस आहे. भारतात १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत आवाजामुळे येणारा बहिरेपणा हा सरकारला कळवण्याजोगा आजार म्हणून नोंदला गेला. अमेरिकेत चाचण्या ८५ ला सुरू होतात, पण कायदेशीर मर्यादा ९० आहे आणि तिथे वेळ ३ ऐवजी दर ५ डेसिबलला निम्मा होतो. त्या हिशोबाने ९५ डेसिबलमध्ये चार तास चालतात. नायॉशच्या हिशोबाने पाऊण तास. कायदा पाळला म्हणजे कान वाचला असं धरून चालता येत नाही, ते यामुळे.

## ‘इअरप्लग देतात की आम्हाला’

देतात. पाकिटावर ‘३० डेसिबल’ वगैरे लिहिलेलंही असतं. तो आकडा प्रयोगशाळेतला, नीट बसवलेल्या प्लगचा असतो. पाळीच्या गडबडीत कसाबसा कोंबलेला प्लग त्याच्या जवळपासही जात नाही. फोमचा प्लग बोटांमध्ये वळून बारीक करायचा, दुसरा हात डोक्यामागून नेऊन कान वर आणि मागे ओढायचा, प्लग आत सरकवायचा आणि तो फुलेपर्यंत वीस-तीस सेकंद बोटाने धरून ठेवायचा. अर्धा प्लग बाहेर दिसत असेल तर तो लागलेला नाही.

यापेक्षा मोठा घोटाळा वेळेचा आहे. ३० डेसिबल अडवणारा प्लग तुम्ही आठ तासांपैकी साडेसात तास इमानेइतबारे घातलात आणि फक्त अर्धा तास काढलात, तर दिवसभराचं संरक्षण २८ किंवा २९ उरतं असं वाटेल. उरतं फक्त १२. निम्मा वेळ काढलात तर ३. डेसिबलचं माप सरळ नसल्याचा हा परिणाम: त्या उघड्या अर्ध्या तासातली ऊर्जा बाकीच्या साडेसात तासांतल्या एकूण ऊर्जेच्या साठपटीहून जास्त असते. म्हणून चोवीस डेसिबलचा, पण काढावासा न वाटणारा प्लग, तीसच्या टोचणाऱ्या प्लगपेक्षा चांगला. फार जास्त अडवणाराही घात करतो. हाक ऐकू आली नाही, सूचनेचा भोंगा कळला नाही, की माणूस तो काढून खिशात टाकतो.

आणि प्लग हा शेवटचा उपाय आहे. त्याआधी यंत्राला आवरण घालणं, कंपणारा पत्रा घट्ट करणं, हवेच्या झोताला कमी आवाजाचं नोझल लावणं, झिजलेलं बेअरिंग बदलणं, गोंगाटाचं यंत्र वेगळ्या खोलीत नेणं हे सगळं येतं. एकाच विभागातल्या पाच-सहा जणांचे आलेख एकाच दिशेने सरकू लागले, तर तपासणी यंत्राची आणि मीटरची व्हायला हवी. सगळ्यांना एकाच वेळी ‘तुम्ही प्लग घालत नाही’ म्हणून झापणं सोपं असतं, म्हणून तेच होतं.

## ‘आता कानाला सवय झाली आहे’

कानाला सवय होत नाही. सुरुवातीला असह्य वाटणारा आवाज काही महिन्यांनी सुसह्य वाटू लागतो, याचा एक अर्थ मेंदू तिकडे दुर्लक्ष करायला शिकला असा आहे आणि दुसरा, तो आवाज टिपणाऱ्या पेशी कमी झाल्या असा. दोन्हींत पेशींवरचा मारा तसाच चालू राहतो.

## ‘वयाने ऐकू कमी येणारच’

येणारच, आणि दोन्ही नुकसानं एकमेकांत मिसळतात. काही नियमांत वयाचा वाटा वजा करून घसरण मोजायची सूट आहे. नायॉशने १९९८ मध्ये अशी वजाबाकी करू नये असं स्पष्ट म्हटलं आणि मला ते पटतं. वयाचा तक्ता म्हणजे हजारोंची सरासरी. समोर बसलेल्या एका माणसाचं किती नुकसान वयाने झालं हे त्यातून निघत नाही. पण वजाबाकी केली की कागदावरची घसरण मात्र नक्की लहान दिसते.

## ‘चाचणी वाईट आली तर नोकरी जाईल’

ही भीती खोटी नाही आणि तिला उपदेश करून उत्तर देता येत नाही. याच भीतीने लोक शेजारच्याचं बघून बटण दाबतात किंवा टूं यायची वेळ ओळखून अंदाजाने दाबतात. म्हणून चाचणीची माहिती कुणापर्यंत जाते हा नियमांचा गाभा आहे. ब्रिटनमधल्या व्यवस्थेत सविस्तर वैद्यकीय निकाल डॉक्टर आणि कामगार यांच्यात राहतो. मालकाला कळतं ते ‘हा माणूस या कामाला योग्य आहे का’ आणि नावं वगळून गटाचं चित्र. जिथे असं नाही, तिथे चाचणीआधीच विचारायला हवं: आलेख कोण बघणार, माझी प्रत मला कधी मिळणार.

अंदाजाने चांगला आणलेला आलेख बेसलाइन म्हणून घातक नसतो, वार्षिक चाचणीत मात्र असतो. घसरण लपली की संरक्षण सुधारायची वेळ निघून जाते आणि पुढे भरपाई मागायची झाली तर आपल्याच सहीचा कागद आपल्याविरुद्ध उभा राहतो.

## ‘नुकसान झाल्यावरच कळणार, मग उपयोग काय?’

हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. खरंच, ही चाचणी कुणाचा कान वाचवत नाही. बाकीचे उपाय काम करतात की नाही, एवढंच सांगते. उपयोग एका गोष्टीमुळे आहे: आवाज थांबला की आवाजाने होणारं नुकसान बहुतांशी तिथेच थांबतं. ४००० चा खड्डा लवकर दिसला आणि मारा कमी केला, तर खड्डा बोलण्याच्या पट्ट्यांपर्यंत पसरत नाही.

तिच्या मर्यादाही आहेत. २००९ मध्ये शेरॉन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगात मोठ्या आवाजानंतर ऐकण्याची पातळी पूर्ववत झाली, केशपेशीही शाबूत होत्या, पण काही भागात केशपेशी आणि मज्जातंतू यांच्यातले सुमारे निम्मे सांधे कायमचे तुटले होते. माणसात हे किती प्रमाणात होतं यावर संशोधकांचं अजून एकमत नाही. पण आलेख सपाट असूनही ‘गर्दीत शब्द कळत नाहीत’ किंवा ‘कानात सतत शिट्टी वाजते’ असं कुणी सांगत असेल, तर त्याला कागद दाखवून गप्प करू नये. केशपेशींचा स्वतःचा क्षीण प्रतिसाद मोजणारी वेगळी चाचणीही आहे. १९७८ मध्ये डेव्हिड केम्प यांनी दाखवलेल्या तत्त्वावर ती चालते, त्यात बटण दाबावं लागत नाही आणि काहींमध्ये बिघाड ऑडिओग्रामच्या आधी दिसू शकतो.

तपासणाऱ्याला सांगण्यासारख्या आणखी काही गोष्टी असतात. टोल्यून, स्टायरिन यांसारखी द्रावकं, शिसं, कार्बन मोनॉक्साइड, तसंच जेंटामायसिन, सिस्प्लॅटिन ही औषधं कानाला स्वतंत्रपणे इजा करतात आणि आवाजाच्या जोडीला आली तर जास्तच. एकाच कानाची घसरण असेल तर सगळं खापर आवाजावर फोडू नये. त्यामागे दुसरं कारण असू शकतं, कानाच्या डॉक्टरांकडे जावं.

## नोकरी बदलताना

नव्या ठिकाणी नवी बेसलाइन घेतात. तुमचा कान तोवर २० डेसिबल घसरलेला असेल, तर नव्या कागदावर तोच आरंभबिंदू ठरतो. आधीची घसरण तिथून पुढच्या कुठल्याही तुलनेत येत नाही. जुन्या जागेचं दप्तर किती काळ टिकतं हे प्रत्येक ठिकाणी वेगळं. अमेरिकेच्या नियमातही चाचण्यांच्या नोंदी त्या माणसाची नोकरी असेपर्यंत ठेवायच्या असतात. त्यामुळे निघण्याआधी दोन प्रती मागून घ्याव्यात, पहिल्या ऑडिओग्रामची आणि शेवटच्या. शिक्का असलेलं प्रमाणपत्र नको. प्रत्येक पट्टीचे दोन्ही कानांचे आकडे, चाचणीची तारीख आणि त्याआधी किती तास आवाजापासून लांब होतात याची नोंद असलेला कागद हवा. नव्या ठिकाणच्या डॉक्टरांना तो बेसलाइनच्या दिवशीच दाखवायचा आणि तिथल्या फाइलला जोडायला सांगायचं.